अंगणातला भुईकोट आणि लपलेला दिवा

दिवाळी आठ दिवसांवर आली की सोलापुरातल्या गल्ल्यांमधून ओल्या काळ्या मातीचा वास सुटतो. बंगल्याचं अंगण असो, वाड्यातला चौक असो की अपार्टमेंटचं पार्किंग, पोरं कोपरापर्यंत चिखलात बुडालेली असतात. विटांचे तुकडे रचायचे, त्यावर बारदान टाकायचं, बारदानावर चिखल थापायचा, झाला डोंगर. त्याचं नाव बहुतेक वेळा रायगड, नाहीतर प्रतापगड. मला याची गंमत वाटते. ज्या गावात डोंगर औषधालाही सापडत नाही तिथे दरवर्षी इतके डोंगर उभे राहतात, आणि गावाच्या ऐन मध्यात जो भुईकोट उभा आहे तो कुणी बांधत नाही.

यंदा तो बांधून पाहा. गावाचा अभिमान हे एक कारण झालं. दुसरं कारण रात्रीचं आहे. अंगणातले बहुतेक किल्ले दिवेलागणीला मान टाकतात. दिवसभर खपून केलेल्या डोंगरावर लाल-हिरव्या लुकलुकत्या माळा गुंडाळल्या की माळ तेवढी दिसते, किल्ला दिसत नाही. भुईकोटाचं तसं नाही. त्याची रचनाच अशी की दिवा लपवायला जागा शोधावी लागत नाही.

सोलापूरचा किल्ला नीट आठवा. चौदाव्या शतकातलं, बहमनी काळातलं हे बांधकाम मानतात. तटबंदी दुहेरी आहे: बाहेरचा तट बुटका, आतला उंच. पूर्वेला सिद्धेश्वर तलाव, उरलेल्या तीन बाजूंना खंदक. बहमनी राज्य फुटल्यावर हा किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात चेंडूसारखा फिरला, आणि चांदबिबीच्या लग्नात तो आंदण म्हणून विजापूरला गेला. पुढे मोगल आले, पेशवे आले, आणि मे 1818 मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने तो घेतला. ‘पण हा महाराजांचा किल्ला नाही,’ अशी कुरकुर घरातलं एखादं पोरगं करेलच. त्याला सांगा, मावळे तुझे, तू आत शिरून दाखव. दुहेरी तट, पाणी आणि बुरूज ओलांडून आत शिरायला किती अक्कल लागते ते बांधतानाच कळतं.

बांधायला लागण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. पोरांना वही-पेन्सिल द्या. दरवाजातून शिरताना वाट सरळ जात नाही, वळते, हे त्यांना स्वतःहून दिसू द्या. तटातले काही दगड कोरीव आहेत, जुन्या देवळांचे, तेही दाखवा.

आता माती. आपली काळी माती चिकट, थापायला झकास, पण वाळली की फाटते. शेतात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पाडणारी हीच माती. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी थापलेला तट दुपारी तडकलेला दिसतो आणि पोरं रडकुंडीला येतात. म्हणून दोन पाट्या काळ्या मातीला एक पाटी चाळलेला मुरूम आणि दोन ओंजळी गव्हाचा भुसा घाला. भुसा नसेल तर कडबा बारीक कातरून घाला. हे मिश्रण रात्रभर भिजत ठेवा, सकाळी पायाने तुडवा. तुडवायला पोरांची कमतरता कधीच नसते. पहिले दोन दिवस दुपारी किल्ल्यावर ओलं बारदान टाकून ठेवलं की भेगा फारशा पडत नाहीत.

गाभा विटांचा. बाहेरच्या तटाला विटांचे दोन आडवे थर, म्हणजे साधारण सहा इंच. आतल्या तटाला वीट उभी करा, नऊ इंच. दोन तटांमध्ये एका विटेच्या लांबीएवढी मोकळी जागा सोडा. ही जागा वाया गेली असं वाटेल, पण सगळा खेळ तिथेच आहे. बुरुजांना रंगाचे किंवा दूध पावडरचे रिकामे डबे वापरा. पत्र्यावर चिखल धरत नाही, म्हणून डब्याला आधी सुतळी गच्च गुंडाळा आणि मग थापा. डबा लावण्याआधी खिळ्याने त्याला दोन-चार उभ्या फटी पाडून घ्या, ठोकताना धारदार झालेल्या कडा मोठ्या माणसाने आत दाबाव्यात. या फटी म्हणजे तुमच्या जंग्या.

चिखल अर्धा वाळला, बोट लावल्यावर ठसा उठतो पण बोटाला लागत नाही अशा अवस्थेत आला, की काडीने दगडांचे सांधे ओढा. सारख्या मापाचे चौकोन काढू नका, खऱ्या तटात लहानमोठे दगड असतात. वरच्या कडेला चर्या, म्हणजे तटावरचे दाते, करा. चर्या बसवायला वेळ लागतो आणि कंटाळा येतो, पण रात्री पाहणाऱ्याची नजर जिथे खिळते ती जागा हीच, म्हणून तिथे कंजुषी नको. रंग द्यायचाच तर कोळशाची पूड आणि थोडी काव पाण्यात कालवून फडक्याने पुसा. बाजारातला चकचकीत ऑइलपेंट लावलात तर रात्री दिवा त्यात आरशासारखा चमकेल आणि तट प्लास्टिकचा वाटेल. थर्माकोलचा विचार मनातून काढून टाका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहेच, आणि तसंही त्याला दगडाचं रूप येत नाही.

दिव्यांकडे येण्याआधी एक गोष्ट सांगतो. माझी भाची न्यू जर्सीत राहते. 2024 साली दाते पंचांगाप्रमाणे नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरला आली, आणि तिकडे त्याच रात्री हॅलोविन. (दाते पंचांग निघतं सोलापुरातूनच, त्यामुळे आमच्या घरात तिथीवरून वाद होत नाही.) तिच्या दारात एका बाजूला पोरांनी कोरलेला भोपळा आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचा किल्ला. व्हिडिओ कॉलवर भोपळा भन्नाट दिसत होता आणि किल्ला अगदी मरगळलेला. ती म्हणाली, ‘मामा, किल्ल्यावर जास्त दिवे आहेत, तरी असं का?’ उत्तर भोपळ्यातच होतं. भोपळ्यात एकच दिवा असतो आणि तो दिसत नाही. दिसतात ती फक्त डोळ्या-तोंडाची भोकं. किल्ल्यावर शंभर बल्ब होते आणि शंभरच्या शंभर डोळ्यांत घुसत होते. तिकडचे लोक हॅलोविनला अंगणात थडगी, सापळे, चेटकिणी मांडतात. जे चांगलं मांडतात ते दिवा झुडपामागे, दगडामागे, जमिनीलगत लपवतात आणि उजेड खालून किंवा बाजूने सोडतात. यात परदेशी असं काही नाही. आपला आकाशकंदील वर्षानुवर्षं हेच करतो: बल्ब आत, उजेड कागदाचा.

हाच नियम किल्ल्याला लावा. दोन तटांमधल्या त्या मोकळ्या जागेत, बाहेरच्या तटाच्या आतल्या अंगाला, चर्यांच्या जरा खाली एलईडीची पट्टी चिकटवा. पट्टीचं तोंड आतल्या तटाकडे. संध्याकाळी बटण दाबलं की आतला उंच तट खालून उजळतो, काडीने ओढलेला प्रत्येक सांधा उठून दिसतो, आणि त्या उजेडासमोर बाहेरच्या तटाच्या चर्या काळ्याभोर उभ्या राहतात. दिवा कुठे आहे ते पाहणाऱ्याला कळत नाही. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा शेजारचे आजोबा काठी टेकत कुंपणाशी आले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. एरवी ते गप्प बसणाऱ्यांतले नाहीत.

यात एक अडचण येते. अंगणातला किल्ला आपण उभं राहून वरून पाहतो, त्यामुळे तटामागची पट्टी दिसते. दोन उपाय आहेत. पट्टीच्या वर पुठ्ठ्याची किंवा फरशीच्या तुकड्याची बोटभर पुढे आलेली कड ठेवा आणि ती चिखलाने झाका. नाहीतर सगळा किल्लाच ओट्यावर किंवा विटांच्या चौथऱ्यावर बांधा. मला दुसरा उपाय आवडतो, कारण मग किल्ला पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला येतो.

समोरून प्रखर फोकस मारू नका. समोरचा उजेड सावल्या खाऊन टाकतो आणि तुमची सगळी मेहनत सपाट होते. बाहेरच्या तटाला थोडा उजेड हवाच असेल तर एका कोपऱ्यातून, भिंतीलगत, तिरपा सोडा. पाच वॉटचा एक छोटा एलईडी दिवा पुरतो. त्याच्या पुढून पत्र्याच्या डब्याचा अर्धा तुकडा टोपीसारखा लावला की तो नजरेआड जातो. या दिव्यावर निळा जिलेटिन कागद बांधा. आत पिवळा, बाहेर निळसर, म्हणजे आत माणसं आणि बाहेर चांदणं. पट्टी घेताना दुकानदाराकडे ‘वॉर्म व्हाइट’ मागा. पांढरीशुभ्र घेतलीत तर किल्ल्याला दवाखान्याची कळा येईल. लाल, हिरवे, जांभळे रंग आणि लुकलुक या दोन्ही गोष्टी खिडकीच्या माळेसाठी राहू द्या. हलणारा उजेड फक्त एकाच ठिकाणी शोभतो, बुरुजाच्या फटींमागे. तिथे बॅटरीवरची थरथरणारी मेणबत्ती ठेवली की पहारेकऱ्याने शेकोटी पेटवल्यासारखं वाटतं.

आणि कुठेतरी अंधार ठेवा. घरातल्या प्रत्येक माणसाला वाटतं की आपण आणलेली माळ किल्ल्यावर लागलीच पाहिजे. इथे कठोर व्हावं लागतं. एकच जागा सगळ्यात उजळ हवी; मी दरवाजा निवडतो. बाकी सगळं त्याच्याहून मंद. बारा व्होल्टच्या पट्टीला लावायचा छोटा डिमर विजेच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो लावा, अंगणाचा दिवा बंद करा, पाच मिनिटं अंधारात बसा आणि मगच उजेड किती ठेवायचा ते ठरवा. बहुतेक वेळा निम्म्याने कमी करावा लागतो.

पाण्याचं गुपित मला गड्ड्याच्या यात्रेत कळलं. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराच्या देवळावर रोषणाई असते. देवळापेक्षा तिचं तलावातलं प्रतिबिंब जास्त देखणं दिसतं, कारण पाणी काळं असतं. आपण खंदकाला निळा रंग देतो किंवा निळं प्लास्टिक अंथरतो, आणि तिथेच चुकतो. निळ्या तळाचं पाणी बादलीतल्या पाण्यासारखं दिसतं. तळ काळा हवा. कुणा शेतकरी नातेवाइकाकडे शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा नक्की असेल. तो काळी बाजू वर करून अंथरा, कडा मातीत दाबा आणि तीन बोटं पाणी भरा. पाण्यात दिवा सोडू नका, पाण्यावरही मारू नका. उजेड तटावर पडू दे, पाणी तो आपोआप उचलतं. पूर्वेला थोडी रुंद जागा ठेवलीत तर तलाव झालाच. दर दोन-तीन दिवसांनी पाणी उपसून बदला, डेंगीच्या डासाला असलं साचलेलं स्वच्छ पाणी फार आवडतं.

आता विजेबद्दल, आणि हा भाग वाचताना घाई करू नका. ओली माती, उघडे पाय, लहान मुलं आणि 230 व्होल्ट या चार गोष्टी एका अंगणात आणायच्या नाहीत. एका वर्षी मी स्वतः ते केलं होतं. एक्स्टेन्शन बोर्ड किल्ल्याच्या मागे जमिनीवर ठेवला, वायरचा जोड चिकटपट्टीने गुंडाळला आणि निश्चिंत झालो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी परतीच्या पावसाची सर आली. घरातले सगळे दिवे गेले. मीटरपाशी संरक्षक स्विच बसवलेला होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. तो नसता तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगतो. पट्टी बारा व्होल्टची, वरून सिलिकॉनचा थर असलेली. तिचा अडॅप्टर घरात, खिडकीच्या आत, कोरड्या जागी. अंगणात येते ती फक्त बारा व्होल्टची बारीक वायर. निळसर चांदण्याचा दिवासुद्धा बारा व्होल्टचाच घ्यायचा. वायर मातीत तशीच पुरायची नाही. ठिबकच्या जुन्या नळीला उभी चीर द्यायची, वायर आत बसवायची आणि नळी पुरायची. कुदळीचा घाव लागत नाही आणि उंदीरही लवकर कुरतडत नाहीत. पाच मीटरच्या साध्या पट्टीला साधारण चोवीस वॉट लागतात, म्हणजे दोन अँपिअर. त्यावर चांदण्याच्या दिव्याचे पाच वॉट धरा आणि अडॅप्टर तीन अँपिअरचा घ्या, म्हणजे तो तापत नाही. पट्टी कापायची असेल तर तिच्यावर छापलेल्या कात्रीच्या खुणेवरच कापा, दुसरीकडे कापली तर तेवढा तुकडा पेटणार नाही. चिखलात बसवण्याआधी ती जमिनीवर पसरून एकदा पेटवून पाहा. मीटरजवळ तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे तोच संरक्षक स्विच, आहे का ते बघा, असेल तर त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबून तो पडतो का तपासा. नसेल तर दिवाळीच्या खरेदीतून आधी तो बसवून घ्या, कपडे नंतर. बिलाची काळजी करू नका. चोवीस वॉट रोज पाच तास, सहा दिवस लावले तरी पाऊण युनिटसुद्धा होत नाही.

पावसाचा भरवसा आपल्याकडे ऑक्टोबरात नसतोच. 2020 साली ऑक्टोबरच्या मध्यात पाऊस-पुराने जिल्ह्यात काय झालं ते भीमाकाठचे लोक विसरलेले नाहीत. चार काठ्या आणि एक ताडपत्री हाताशी ठेवा. ताडपत्री किल्ल्याला टेकू देऊ नका, टेकली की चर्या गेल्याच.

हिरवळीसाठी सगळे अळीव किंवा मोहरी टाकतात, आणि ते योग्यच आहे. तीन-चार दिवसांत उगवते. मी खंदकापलीकडच्या मैदानात चार दाणे ज्वारीचेही टाकतो. मालदांडीच्या मुलखातला किल्ला, भोवती ज्वारीचं रान नको का? फक्त दिवाळीनंतर ते कोंब गाई-शेळीपुढे टाकू नका. कोवळ्या ज्वारीत जनावराला मारण्याइतकं विष असतं, हे इथल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला विचारा. बारदान, भुसा आणि वाळलेलं गवत किल्ल्याभोवती असतंच, तेव्हा फटाके तिथून दहा पावलं लांब आणि एक बादली पाणी जवळ.

मावळे कुंभार वेशीतून आणा किंवा घरीच करा. विकतच्या महाराजांची मूर्ती नेहमीच दरवाजापेक्षा मोठी असते, आणि ते आत कसे गेले हा प्रश्न दरवर्षी नव्याने निघतो. मापाचा आग्रह धरू नका. महाराज मोठेच असायला हवेत.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री माझ्या घरी अर्धा तास विजेचे सगळे दिवे बंद असतात. त्या वेळी किल्ल्यावर फक्त पणत्या, बाहेरच्या काठावर, फरशीवर, बारदानापासून हातभर अंतरावर. नव्या पणत्या दुपारी दोन तास पाण्यात बुडवून सुकवल्या की तेल कमी पितात. वारा असेल तर पणतीमागे एक उभी वीट ठेवा. त्या अर्ध्या तासात इतक्या हिशेबाने बसवलेल्या पट्टीची मला आठवणही येत नाही, हे कबूल करतो.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्या. मग माती कुंड्यांत, विटा गच्चीवर, शेततळ्याचा कागद घडी करून माळ्यावर. पट्टी ओढून उपटू नका, चिखल पाण्याने भिजवून सोडवा, पुसा आणि गुंडाळून डब्यात ठेवा. डब्यावर एक चिठ्ठी चिकटवा: कुठला तुकडा कुठल्या तटामागे होता आणि डिमर किती फिरवला होता. पुढच्या वर्षी ते कुणाच्याही लक्षात नसतं.